स्टेअरिंगला शिवून घेतलेलं लेदर कव्हर: रिव्ह्यू, आणि त्यावर हात नक्की कुठे राहतात ते

आधीच सांगून टाकते, कव्हर चांगलं निघालं, पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईलच. रिव्ह्यू जरा लांबणार आहे कारण स्टेअरिंग कव्हरचे जे रिव्ह्यू ऑनलाइन सापडतात ना, "लुक प्रीमियम", "फिटिंग एकदम मस्त", "पैसा वसूल", त्यात एक माणूस सांगत नाही की तो गाडी चालवताना हात कुठे ठेवतो, आणि दोन तासांनी त्याच्या खांद्यांची काय अवस्था असते. कव्हरचं सगळं तर त्याच्यावरच आहे. दुकानात अंगठ्याने दाबून बघितलं की सगळीच कव्हरं छान लागतात, मऊ मऊ, पण गाडी चालवताना आपण स्टेअरिंग दाबत बसत नाही, आणि निवांत चालवायची असेल तर घट्ट धरतही नाही, हात ठेवून असतो फक्त. तर कव्हर असं पाहिजे की हात नुसता ठेवला तरी घसरता कामा नये. माझी परीक्षा एवढीच.

गाडी कुठली ते महत्त्वाचं नाही, साधी मॅन्युअल हॅचबॅक, स्टेअरिंगला कंपनीचं गुळगुळीत काळं रिंग, लेदर-बिदर टॉप मॉडेलला मिळतं आम्हाला नाही. रोजचा रूट दादर ते अंधेरी एमआयडीसी, म्हणजे कलानगर, वाकोला, विलेपार्ले, जिथे जिथे अडकायचं तिथे सगळीकडे अडकत जायचं, आणि अधूनमधून पेणला माहेरी, शिवडीवरून अटल सेतू धरून. गाडी मी आणि नवरा दोघं चालवतो, माझे हात छोटे, त्याचा पंजा अवाढव्य, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कव्हर का घ्यावं लागलं तर रिंग वापरून वापरून चकचकीत झालेलं. डिसेंबरमध्ये काही जाणवत नाही हो, पण एप्रिल-मे मध्ये मुंबईच्या दमट हवेत तळहाताला घाम आला की ते निसरडं होतं आणि आपल्याला कळतही नाही पण मूठ आवळली जाते. मूठ आवळली की कोपराच्या पुढचा स्नायू ताणतो, मग खांदे वर जातात, मग मान धरते, आणि घरी आल्यावर आपण म्हणतो आज ट्रॅफिक फार होतं. ट्रॅफिक होतंच, पण अर्ध दुखणं मुठीचं असतं. पोळ्या लाटताना लाटणं कसं बोटांवर सैल फिरतं, जोर पडतो पण मूठ वळलेली नसते, स्टेअरिंग तसं हातात असलं पाहिजे.

खरेदी ऑपेरा हाऊसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे कार अ‍ॅक्सेसरीजची एकाला लागून एक दुकानं आहेत, गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि फिटर तिथेच उभ्या उभ्या काम करतो, पार्किंग मिळालं तर नशीब समजा. दुकानाचं नाव टाकत नाही, माझं त्यांच्याशी काही साटंलोटं आहे असं वाटायला नको. दुकानदाराने तीन प्रकार पुढे टाकले. एक रेडीमेड, आतून रबराची गोल रिंग असते ते, वरून नुसतं चढवायचं, चारशे रुपये. दुसरं मखमलीसारखं फरवालं, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, मुंबईत ज्याला स्टेअरिंगला फर घालावीशी वाटते त्याला माझा नमस्कार. तिसरं शिवायचं, लेदरचा पट्टा येतो, सुई-दोऱ्याने गाडीतच शिवतात, मजुरी धरून तेराशे.

दुकानदाराचा सगळा जोर रबरवाल्यावर, "मॅडम कुशन आहे, हात दुखणार नाही". तसलं कव्हर माझ्या दिराच्या गाडीला आहे त्यामुळे मला माहीत होतं काय होतं ते. एक तर रिंग जाड होतं. दुसरं म्हणजे उन्हात उभी राहिली गाडी की आतलं रबर सैल पडतं आणि वळवताना कव्हर स्वतःच एखादा इंच सरकतं, म्हणजे तुम्ही कव्हर फिरवता आणि स्टेअरिंग जरा मागून येतं. यू-टर्नला हे झालं की पोटात गोळा येतो. साइझ बरोबर नसेल तर फारच, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मीडियम म्हणजे ३७-३८ सेंटीमीटरवालं बसतं, पण लोक मोजत नाहीत, उचलतात आणि चढवतात.

मग तिथला वयस्कर फिटर पुढे आला, त्याने काय केलं तर मला म्हणाला, "ताई, रिंग धरून दाखवा, नेहमी धरता तसं." धरलं. मग त्याने बघितलं की माझ्या बोटांची टोकं वळून अंगठ्याच्या मुळाशी टेकतात का. जेमतेम टेकत होती. म्हणाला, "यावर जाड चढवलं तर तुमची बोटं पोचणार नाहीत, मग जोर लावून धराल, पातळ घ्या." एवढं साधं लॉजिक, आणि एवढ्या मोठ्या दुकानात ते फक्त या काकांना सुचलं. तुम्ही घ्यायला गेलात तर ही टेस्ट नक्की करा, पैसे पडत नाहीत. नवऱ्याच्या हाताला खरं म्हणजे थोडं जाड चाललं असतं, पण दोघांत एक गाडी असेल तर लहान हाताप्रमाणे घ्यायचं, मोठ्या हाताला पातळ रिंग चालतं, उलटं चालत नाही.

लेदर खरं की रेक्झिन हे ओळखायचं असेल तर कापलेल्या तुकड्याची मागची बाजू बघा, रेक्झिनला मागे विणलेलं कापड असतं, खऱ्या लेदरला ते नसतं, केसाळ असते मागची बाजू. माझं केसाळ होतं. पट्टा सगळीकडे सारखा नाहीये, डावी-उजवी बाजू बारीक भोकांची आणि वर-खाली प्लेन, आणि याला कारण आहे, पुढे सांगते.

शिवायला तासाच्या वर लागला. आधी रिंग स्पिरिटने पुसून काढलं कारण वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम चढलेला असतो, तो तसाच ठेवून वर कव्हर घातलं तर आत घसरतं. मग स्पोकजवळ, म्हणजे रिंगला मधल्या पॅडशी जोडणाऱ्या दांड्यांजवळ, थोडी डबल टेप, मग दोन सुया घेऊन टाके. शिवण येते रिंगच्या आतल्या कडेला. मधल्या पॅडला त्याने हात लावला नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण शेजारच्या दुकानातला एक पोरगा "हॉर्नचा पॅड खोलून एकदम फॅक्टरी फिनिश देतो" म्हणत मागे लागला होता. त्या पॅडखाली एअरबॅग आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग कंपल्सरी झाली, तेव्हा त्यानंतरची गाडी असेल तर ती आहेच आहे, फुटपाथवर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाला तिथे हात घालू देऊ नका. कव्हरसुद्धा फक्त रिंगला, मधला भाग झाकणारं काही घेऊच नका, कितीही सुंदर असलं तरी.

आता मुख्य. हात.

मी घड्याळाच्या भाषेत बोलते, सगळ्यांना कळतं. आमचे बाबा जुन्या पद्मिनी गाडीवर शिकलेले, गिअरही स्टेअरिंगच्या दांड्यावर, पॉवर स्टेअरिंग नाही, ते रिंग वरून ओढून फिरवावं लागायचं, म्हणून त्यांचे हात कायम दहा वाजून दहा मिनिटं. तेव्हा ते बरोबरच होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण ड्रायव्हिंग स्कूलवाले अजून दहा-दहाच शिकवतात. आता पॉवर स्टेअरिंग आहे, बोटभर जोराने फिरतं, वरून ओढायची गरज राहिली नाही, आणि दुसरीकडे मध्ये एअरबॅग आली. ती फुगते सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा कमी वेळात, आणि हात जेवढे वर तेवढे ते तिच्या वाटेत, म्हणजे धक्का बसला की आपलाच हात आपल्या तोंडावर. अमेरिकेतली रस्तासुरक्षेची सरकारी संस्था एनएचटीएसए म्हणूनच आता नऊ आणि तीन सांगते. दहा-दहाला माझे खांदे असेही अर्ध्या तासात आखडतात, त्यामुळे मला त्या पोझिशनचा पुळका नाही, बाबांना काय वाटायचं ते वाटो. कव्हरचं म्हणाल तर त्या जागी ते प्लेन आहे, घाम आला की थोडं चिकटतं. चालतं.

सव्वानऊ. डावा हात नऊवर, उजवा तीनवर. ही माझी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेची पोझिशन. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, गिअर डावीकडे, त्यामुळे मॅन्युअल गाडीत, आणि कलानगर ते वाकोला पहिला-दुसरा पहिला-दुसरा करताना, डावा हात अर्धा वेळ गिअरवरच जातो आणि स्टेअरिंगवर खरा राबतो तो उजवा. तो तीनवर असला की दोन फायदे. एक, बहुतेक जपानी-कोरियन गाड्यांना इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, ती तीनवरच्या हाताच्या बोटाला लागते, हात न हलवता इंडिकेटर देता येतो (देतात का लोक हा वेगळा प्रश्न). दोन, अचानक रिक्षा आडवी आली, जी येतेच, तर तिथून दोन्ही बाजूंना सारखंच वळवता येतं, हात उचलून दुसरीकडे न्यावा लागत नाही. कव्हरची भोकांची बाजू नेमकी इथे येते, म्हणजे जिथे तळहात सगळ्यात जास्त वेळ टेकलेला असतो तिथे थोडी हवा, थोडा खरखरीतपणा. मे महिन्यातल्या दुपारी पार्ल्याच्या पुलाखाली इंजिन चालू बंद चालू बंद करत उभं राहिल्यावरही हात सरकला नाही. जुन्या रिंगवर मी दर सिग्नलला ओढणीला हात पुसायचे, ते बंद झालं.

पण इथेच तो कापलेला स्टार. शिवण आतल्या कडेला आहे, आणि सव्वानऊला अंगठा स्पोकच्या वर जिथे विसावतो तिथे ती शिवण बरोबर अंगठ्याच्या पेराखाली येते. दोरा जाड आहे, वॅक्स लावलेला. सुरुवातीला रोज ऑफिसला पोचेपर्यंत अंगठ्यावर टाक्यांची नक्षी उमटायची. हळूहळू दोरा दबला, आता नक्षी उमटत नाही पण जाणवतो अजून. नवऱ्याला काहीच जाणवत नाही, त्याची कातडी गेंड्याची आहे. काकांना विचारलं तर म्हणाले बारीक दोरा तुटतो, शिवणीला हाच लागतो. असेल. पण अंगठा आत गुंतवून धरायची सवय असेल तर तुम्हाला टोचणार. अंगठा तसा आत अडकवायचा नसतोच खरं, रिंगवर सरळ लांब ठेवायचा, खड्ड्यात चाक गेलं आणि स्टेअरिंग झटक्यात फिरलं तर स्पोक अंगठ्यावर आपटतो, आणि खड्डे म्हणाल तर आपण मुंबईत राहतो.

आठ-वीस. हात खाली, आठ आणि चारवर. निवांत ड्रायव्हिंगची खरी जागा ही, मोकळा रस्ता पाहिजे फक्त. अटल सेतू २१.८ किलोमीटर, त्यातला १६.५ समुद्रावर, कारला स्पीड लिमिट १००, वळणं फारशी नाहीत, सिग्नल नाही, दुचाकी-रिक्षांना बंदी, म्हणजे मुंबईकराला स्वप्नात पडेल असा रस्ता. शिवडीला चढलं की माझे हात आपोआप सव्वानऊवरून आठ-वीसवर येतात. कोपरं शरीराच्या जवळ येतात, खांदे खाली उतरतात, मनगट सरळ राहतं, तळहात रिंगवर नुसते टांगलेले. वजन कुठेच नाही. इथे कव्हरची खरी कसोटी लागली, कारण या पोझिशनला आपण बोटं वळवतच नाही, फक्त घर्षणावर सगळं चाललेलं असतं. जुनं गुळगुळीत रिंग इथे हातातून सुळकन जायचं, म्हणून परत मूठ. लेदरवर बोटांचा नुसता स्पर्श पुरतो. पलीकडे चिर्ल्याला उतरेपर्यंत हाताला मुंग्या नाहीत, मानेला रग नाही, यासाठी तेराशे रुपये मी पुन्हा एकदा मोजेन.

मात्र आठ-वीस म्हणजे दोन्ही हात, हे सांगायला पाहिजे. सेतूवर आडवा वारा येतो, खाडीच्या मोकळ्या भागात गाडीला कुशीत कोणीतरी ढकलल्यासारखं होतं, हलकी हॅचबॅक असेल तर जास्तच, आणि मोठा कंटेनर ओव्हरटेक केला की त्याची आड संपते तिथे एकदम धक्का बसतो. दोन हात खाली ठेवलेले असले तर दोन बोटांची दुरुस्ती पुरते, एक हात असला तर आपण दचकून जास्त ओढतो. कोस्टल रोडलाही मी आठ-वीसच ठेवते, फक्त मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या त्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात परत सव्वानऊ, तिथे लिमिट ६० आहे, आजूबाजूचे ते पाळतात असं नाही, आणि बोगद्यात बाजूला पळायला जागा नसते.

सहावर एक हात, मांडीवर मनगट टेकवून. करतात सगळेच, नवरा तर जन्मापासून. सिग्नलला उभं असताना ठीक आहे, रांगेत सरकतानाही समजू शकते. पण चालत्या गाडीत सहावरून एकाच बाजूला नीट वळवता येतं, दुसऱ्या बाजूला मनगट मुरडतं. कव्हरच्या दृष्टीने तिथे एक गोष्ट आहे, शिवणीची शेवटची गाठ काकांनी बरोबर सहावर मारलीय, "तिथे कोण हात ठेवतं", काकांना आमचे हे माहीत नाहीत. त्यामुळे नवऱ्याच्या करंगळीला ती गाठ लागते आणि तो कुरकुरतो आणि मी म्हणते बरंच आहे. तुमच्या गाडीचं स्टेअरिंग खालून चपटं असेल, डी-कट म्हणतात ते, तर पट्टा खास त्या आकाराचा मागा, गोलवाला खालच्या कोपऱ्यांना नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात.

बारावर मनगट टाकून रुबाबात बसणारे. फोटोत छान दिसतं. एअरबॅगचं वर लिहिलंय तेच, फक्त दुप्पट.

आणखी एक लोकप्रिय प्रकार, उजवं कोपर खिडकीवर आणि बोटं दोनच्या आसपास. आराम वाटतो कारण हाताचं वजन दरवाजा घेतो, पण खांदा सतत वर उचललेला राहतो, वीसेक मिनिटांनी बघा मानेच्या उजव्या बाजूला काय होतं ते. दरवाजाचा आर्मरेस्ट योग्य उंचीवर असेल तर कोपर तिथे टेकवून हात तीन-चारच्या मध्ये ठेवता येतो, तो सगळ्यात सुखाचा प्रकार, माझ्या गाडीत आर्मरेस्ट जरा खालीच आहे.

तळहाताने रिंग चोळत फिरवणं, पार्किंग करताना एका पंजाने गरागरा, नवऱ्याची खासियत. इथे मला कव्हरची काळजी होती कारण असं फिरवताना सगळा ताण एका जागी येतो आणि रेडीमेड कव्हर इथेच सरकतं. हे शिवलेलं तसूभर हललं नाही. दादरच्या आमच्या सोसायटीत गाडी काढायची म्हणजे दोन खांब, एक वॉचमनची खुर्ची आणि कोणाची तरी स्कूटर यांच्यामधून, चार-पाच वेळा पूर्ण लॉक टू लॉक, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे परीक्षा रोजचीच आहे. एका पंजाने फिरवणं मला पटत नाही, मी ढकल-ओढ करते, एक हात वर ढकलतो दुसरा खाली ओढतो, हात एकमेकांवरून जात नाहीत, हळू वाटतं पण कोपरं उडत नाहीत. दुकानदाराने यासाठी "पॉवर हँडल" पण दाखवलं, रिंगला लावायचा तो गोल लट्टू, एका हाताने फिरवायला. नको म्हटलं. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीला त्याची गरजच नाही आणि अपघातात छाती त्याच्यावर आपटायची.

एक गोष्ट कव्हरची नाही पण तिच्याशिवाय कव्हरला दोष देऊ नका. सीट. पाठ आणि दोन्ही खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा, मनगट रिंगच्या वरच्या टोकावर टेकलं पाहिजे, बोटं नाही, तळहात नाही, मनगट. तळहात लागला तर सीट लांब आहे, हाताचा कोपराजवळचा भाग लागला तर जवळ. छाती आणि मधल्या पॅडमध्ये २५ सेंटीमीटर तरी मोकळं पाहिजे, म्हणजे वीतभराहून थोडं जास्तच. माझ्यासारख्या कमी उंचीच्या बायका क्लच नीट दाबता यावा म्हणून सीट एकदम पुढे घेतात आणि छातीला स्टेअरिंग, मग हात दुमडून मुठी वर येतात आणि आठ-वीस जमतच नाही. अशा वेळी पाठीचा कोन जरा मागे आणि सीटची उंची वर करून बघायचं. आमच्या गाडीला स्टेअरिंग वर-खाली होतं पण पुढे-मागे होत नाही, साध्या मॉडेल्सना नसतंच ते. मी थोडं खाली घेते, मीटर झाकला जाणार नाही इतपत. आणि नवऱ्याने गाडी चालवली की दुसऱ्या दिवशी सगळं परत सेट, हे भांडण वेगळं.

तसंच अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत ना ते. सेतूवर सरळ जाताना एका हाताला कायम थोडं ओढून धरावं लागत असेल तर कितीही भारी कव्हर घाला, तो खांदा दुखणारच. टायरमधली हवा बघा, अलाइनमेंट करा, मग कव्हरच्या मागे लागा. ज्यांच्या नव्या गाडीत लेन असिस्ट आहे, म्हणजे गाडी लेनमध्ये राहावी म्हणून मदत करणारी सोय, त्यांना आणखी एक गंमत दिसेल, माझ्या मैत्रिणीच्या गाडीत आहे, आठ-वीसला हात एकदम हलके ठेवले की थोड्या वेळाने गाडी ओरडते "हात स्टेअरिंगवर ठेवा", हात असतात तिथेच, पण तिला ते स्टेअरिंगवर पडणाऱ्या हलक्या ओढीवरून कळतं आणि तुम्ही ओढतच नसता. मग अधूनमधून जरासं हलवायचं. जास्त निवांतपणा गाडीलाही चालत नाही.

ऊन. शिवाजी पार्कला दुपारी उघड्यावर लावली तर काळं लेदर चटका देतं, पहिली पाच मिनिटं बोटांच्या टोकांवर चालवायची नाहीतर पुढच्या काचेला सनशेड लावायचा. जुनं रिंगही तापायचंच, फार फरक नाही. फिकट रंग घेतला असता तर कमी तापलं असतं पण हाताच्या मळाने महिन्यात चॉकलेटी झालं असतं, मी काळंच सुचवेन.

पाऊस. ही मला धाकधूक होती कारण जुलैत मुंबईत लेदरच्या चपलांचं काय होतं ते आपण बघतोच. ओल्या हाताने, छत्री मिटवून थेट स्टेअरिंग धरलं तरी पकड टिकते, उलट ओलं जुनं रिंग भयंकर होतं. पण गाडी आठवडाभर बंद उभी राहिली, आम्ही गावी गेलेलो, तर परत आल्यावर भोकांच्या भागात पांढरट बुरशीची झाक दिसली. ओलसर फडक्याने पुसून, मग कोरड्याने पुसून, काचा खाली करून ठेवली, गेली. तेव्हापासून बाहेरगावी जाताना किल्ली खालच्या शेजाऱ्यांकडे, त्यांना सांगते दोन दिवसांनी एसी लावून दहा मिनिटं चालवा, ते खूश असतात कारण मुलाला क्लासला सोडता येतं. पेट्रोल मात्र ते भरत नाहीत. सॅनिटायझर हाताला लावून लगेच स्टेअरिंग धरू नका, स्पिरिटने लेदरचा रंग सुटतो, एका जागी मला फिकट डाग दिसायला लागलाय. पॉलिश बिलिश अजिबात नको, चमक येते आणि पकड जाते, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं.

घ्यावं कोणी? रोज तासभर तरी हातात स्टेअरिंग असेल, कंपनीचं रिंग गुळगुळीत झालं असेल, तळहाताला घाम येत असेल, तर डोळे झाकून घ्या, पातळ, शिवलेलं, बाजूंना भोकं असलेलं. कंपनीचंच लेदर असेल आणि शाबूत असेल तर कशाला उगाच, वर आणखी थर चढवून रिंग जाड करू नका. रविवारीच गाडी काढणाऱ्यांनी तेराशे रुपयांत अलाइनमेंट करून घ्यावी आणि उरलेल्या पैशात काहीतरी खावं. ऑटोमॅटिकवाल्यांना जास्त उपयोग होईल असं मला वाटतं कारण डावा हात गिअरला जात नाही, दोन्ही हात सतत रिंगवरच.

सहावरचा एक टाका आता जरा सैल पडलाय, नवऱ्याची करंगळी दुसरं काय. काकांना फोन केला तर म्हणाले या, ओढून देतो, पैसे नको, फक्त सकाळी अकराच्या आत या, नंतर ऑपेरा हाऊसला गाडी लावायला जागा मिळत नाही आणि ट्रॅफिकवाले उचलून नेतात.